कडब्याची गाठ

खोटं मी आयुष्यात पुष्कळ बोलले आहे. शाळेत उशीर झाला की बोलले, नवऱ्याच्या घरून कायमची निघाले तेव्हा ‘आठ दिवसांत येते’ म्हणून बोलले, आणि मायला तर दर आठवड्याला फोनवर ‘पुढच्या रविवारी नक्की’ म्हणत आले. पण दुसऱ्या बाईच्या तोंडून खोटं बोलण्याचा प्रताप मी एकदाच केला, तोही सलग सहा रविवार. ती बाई अमेरिकेची, पुतळे घडवणारी. तिला मराठी येत नव्हतं, मायला इंग्रजी येत नव्हतं आणि दोघींच्या मधे दुभाषी म्हणून मी. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात ते असं.

मी परभणीत एका शाळेत इंग्रजी शिकवते. माय पेडगावला राहते, एकटी. अंतर म्हणाल तर एस.टी.नं अर्धा तास. पण माझ्या पायाला भिंगरी आहे. बदली होऊन पालमला होते, सोनपेठला होते, प्रत्येक ठिकाणी दोन वर्षांत मला भिंती अंगावर यायला लागल्या. घरं बदलली, नवरा सोडला, शिवणाचा क्लास लावला, तोही सोडला. पेडगावला गेले तर चहा प्यायचा, गोळ्या संपल्या का विचारायचं आणि पर्स उचलायची. माय म्हणायची, “बूड टेकलं न्हाई तवर निघाली?” मी म्हणायचे, वह्या तपासायच्यात. वह्या कधीच इतक्या नसायच्या.

खरं कारण वेगळं होतं. पंधरा मिनिटं झाली की माय अक्काचा विषय काढायची. अक्का माझी थोरली बहीण. ती दहा वर्षांची आणि मी सहाची असताना ती तापानं गेली. बाप त्या वर्षी कामाला परमुलखात होता. माय दवाखान्यातून औषध आणायला निघाली आणि मला अक्काच्या बाजेजवळ बसवून गेली. मला पुरती ओळखून होती, म्हणून माझ्या फ्रॉकच्या मागच्या बंदाला सुतळी लावून तिचं टोक बाजेच्या पायाला बांधलं आणि म्हणाली, “उठू नको. तिला पानी लागलं तर दे.” मी थोडा वेळ बसले. मग कशी कोण जाणे, सुतळी सुटली आणि मी पळाले. दिवसभर ओढ्यात खेळले. दिवस मावळल्यावर आले तर दारात बाया जमल्या होत्या. बस, एवढंच. चाळीस वर्षांत हे मी कुणाला सांगितलं नाही, आणि मायनं अक्काचा विषय काढला की उठायचं हे अंगवळणी पडलं.

आता अमेरिकाबाई. हे नाव मायनं ठेवलं. मी त्यांना मॅडम म्हणत असे. सत्तरीच्या होत्या, उंच, काटक, केस पुरुषासारखे कापलेले. त्यांचा नवरा तरुणपणी ज्वारीच्या संशोधनाच्या कामासाठी वर्षभर आमच्या भागात राहून गेला होता. तो घरी उठता बसता परभणीचं नाव काढायचा म्हणे. तो वारल्यावर या ते गाव बघायला आठ दिवसांसाठी आल्या आणि अख्खा हिवाळा राहिल्या. ज्या घरात त्यांनी खोली घेतली त्या घरमालकिणीची माझी ओळख, म्हणून बोलण्याचालण्यासाठी मला बोलावलं गेलं.

त्यांचे हात मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला वाटलं, ही बाई शेतात राबलेली आहे. खरंच राबलेली होती. मक्याच्या सपाट मुलखात वाढलेली, सात भावंडांतली पाचवी. एकोणिसाव्या वर्षी घरातून पळाली. थडग्यांचे दगड कोरणाऱ्या कारखान्यात लागली. लग्न झालं, दोन मुलं झाली, मग स्वयंपाकाच्या टेबलावर पोळ्या लाटाव्यात तशी मातीची डोकी करायला लागली. बेचाळिसाव्या वर्षी तिनं स्वतःची एक शेड घेतली. पंधरा वर्षं कुणी ढुंकून पाहिलं नाही. तिनं आयुष्यभर केली ती फक्त राबणाऱ्या बायकांची डोकी. धोबीण, नर्स, वेल्डिंग करणारी, जेवणाच्या गाडीवरची. त्यातली काही आता एका वाचनालयात आहेत, एक दवाखान्यात, एक बसथांब्यावर उन्हात. आसपासची गावं बघत हिंडताना हे सगळं त्या एस.टी.च्या खिडकीशी बसून हसत हसत सांगायच्या.

मी एकदा विचारलं, मग यातून मिळालं काय? त्या म्हणाल्या, “सकाळी उठल्यावर हात कुठं ठेवायचे ते मला कळतं.”

हे वाक्य मला लागलं. मला सकाळी उठल्यावर हातांचं काय करावं कळत नाही. मी मोबाइल उचलते, ठेवते, गॅस पेटवते, बंद करते. माझ्यासारखीच एका जागी न टिकणारी बाई, पण तिच्या त्या वळवळीतून काहीतरी उभं राहिलं होतं. हेवा वाटला, सरळ सांगते. ही बाई इथून जाऊ नये असंही वाटलं. म्हणूनच त्यांनी जेव्हा “मला इथल्या एका राबलेल्या बाईचं डोकं करायचंय” असं म्हटलं, तेव्हा मी विचार न करता म्हणाले, माझी माय आहे की.

पहिली फजिती मातीनं केली. मॅडमना आमची काळी माती फार आवडली. शेतातून पिशवीभर आणली, खोलीत भिजवली, मळली, आणि सराव म्हणून एक डोकं केलं. चौथ्या दिवशी ते कपाळापासून हनुवटीपर्यंत उललं. मायला हे सांगितलं तर ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

“काळीत पीक येतंय, तोंड येतंय व्हय? चुलीला तरी कोन लावतं काळी? पांढरी लागती पांढरी.”

पांढरी म्हणजे गावठाणाची, पडक्या भिंतींची जुनी माती. मायनं अख्ख्या वस्तीच्या चुली घातलेल्या. तिनं स्वतः घमेलंभर पांढरी आणली, जुन्या लुगड्यातून चाळली, मूठभर कोंडा टाकून तीन दिवस भिजत ठेवली. मॅडमनी चिमूट घेऊन बोटात चोळली, जिभेला लावली आणि मायच्या पाठीवर थाप मारली. मायला ती थाप कशी घ्यावी कळेना. तिनंही एक मारली.

पहिल्या रविवारी बैठक जमली ती ओसरीत. पाटावर लोखंडी सळई उभी केलेली, तिच्यावर मातीचा गोळा, समोर स्टुलावर माय. समोरच्या किराणा दुकानातल्या काकू दार लोटून बघायला आल्या. गळ्यातली लिंगाची चांदीची डबी चाचपत म्हणाल्या, “जित्या मान्साचा पुतळा करत न्हाईत वो. आयुष्य घटतंय.”

“बहात्तर झाले,” माय म्हणाली. “आता घटून घटून किती घटंल?”

काकू गेल्यावर मात्र ती गंभीर झाली. भिंतीवर आमच्याकडं दोनच तसबिरी आहेत, बुद्धाची आणि बाबासाहेबांची. त्यांच्याकडं पाहत म्हणाली, “पुतळा थोर मान्साचा असतोय. मी काय केलं?” मी ते मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, काम केलं. हेही मी मायला जसंच्या तसं सांगितलं. इथवर मी प्रामाणिक होते याची नोंद असावी.

मग माय म्हणाली, “बरं, बसते. पर तिला म्हनाव, माझ्या थोरलीचं तोंड करून दे. तिचा फोटू न्हाई.”

खरंच नव्हता. तेव्हा फोटो काढायला परभणीला जावं लागायचं, आणि आमच्यात मुलीचा फोटो निघायचा तो लग्न जमवताना. दहाव्या वर्षी कोण काढतो? मायला तेवढी एकच खंत होती, की मरताना तिचं तोंड डोळ्यांसमोर आलं नाही तर?

मी तेही नीट सांगितलं. मॅडमच्या हातातली माती थांबली. त्यांनी मायकडं पाहिलं, हळूच दोनदा आडवी मान हलवली, छातीवर हात ठेवला. म्हणाल्या, “न पाहिलेला चेहरा मी करत नाही. त्यांना सांग, मला वाईट वाटतं. पण नाही.”

मी मायकडं वळले. ती डोळे बारीक करून माझ्या तोंडाकडं पाहत होती. तिनं मला उभ्या जन्मात काही मागितलं नव्हतं. आणि ती उठली असती तर मॅडमही उठल्या असत्या, सामान बांधून गेल्या असत्या, आणि मी पुन्हा वह्या तपासत बसले असते.

“हो म्हणतात,” मी म्हणाले. “तुझ्या चेहऱ्यावरून तिचा काढतील. तू बस फक्त.”

मायनं एकदा मॅडमकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. पदर सारखा केला आणि बसली.

परतीच्या एस.टी.त मॅडमनी आपण होऊन कारण सांगितलं. त्या थडग्यांच्या कारखान्यात असताना एक बाई आली होती. तिचं चार वर्षांचं पोरगं गेलेलं, त्यांच्याही घरी धड फोटो नव्हता. तिनं सांगितलं तसं मॅडमनी दगडात त्याचं तोंड कोरलं. नाक असं, गाल असे. बाई बघायला आली, बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, हा तो नाही. वर्षभरानं ती परत आली आणि म्हणाली, आता डोळे मिटले की मला तुझा दगडच दिसतो, माझा पोरगा दिसत नाही. मॅडम म्हणाल्या, “मी तिच्याकडून तो दुसऱ्यांदा हिरावून घेतला. तेव्हापासून ठरवलं.”

मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. हरभरा, ज्वारी, परत हरभरा. त्या रात्रीच फोन करून मायला खरं सांगावं असं ठरवलं. फोन केला, आणि जेवलीस का एवढंच विचारलं.

पुढचे रविवार कसे काढले ते माझं मला माहीत. माझा बेत साधा होता. शेवटी म्हणायचं, मॅडमनी खूप प्रयत्न केला पण जमलं नाही. म्हणजे दोष त्यांचा. पण माय काही नुसती बसून राहणारी नव्हती. स्टुलावर बसली की सुरू.

“तिला सांग, कपाळ लय रुंद नव्हतं. केस खाली आलेले हितपर्यंत.” “तिला सांग, हनुवटीला खोक होती, विळ्यावर पडली होती.” “तिला सांग, हसली की पह्यले नाक हसायचं.”

आणि मी मॅडमना काय सांगत होते? पहिल्यांदा चुलीबद्दल सांगितलं. मग दुष्काळाबद्दल. मग अंबाडीच्या भाजीची सगळी कृती. आई बोलताना डोळे पुसते आणि मुलगी भाषांतर करते, ‘भाजीत लसूण भरपूर घालतात.’ मॅडम काम करता करता थांबायच्या, मायकडं पाहायच्या, मग माझ्याकडं. म्हणायच्या, “तुमच्याकडं भाजीवर फार जीव दिसतो.” मी हो म्हणायचे. लाज वाटायची आणि हसूही यायचं, आणि दोन्ही दाबताना कानशिलं तापायची.

उठून जायची सोय नव्हती, हा खरा जाच. दुभाषी उठली की बैठक मोडते. सकाळी दहा ते दुपारी चार मी त्या ओसरीत, भिंतीला पाठ लावून. पायाचा अंगठा हलव, बांगडी फिरव, पोपडे उचकट. मॅडम मला म्हणाल्या, “तुझी आई दगडासारखी स्थिर बसते. तुझं डोकं मी सात जन्मांत करू शकणार नाही.” मायनं विचारलं काय म्हनली? मी म्हणाले, अक्काचं कपाळ विचारतात. एका खोट्याला झाकायला दुसरं, दुसऱ्याला तिसरं. आठवड्याच्या मधल्या दिवसांत वर्गात फळ्यावर लिहितानाही माझ्या डोक्यात पुढच्या रविवारची जुळवाजुळव चालायची.

आणि तरी, या सगळ्यात ऐकत मी होतेच. कान बंद करता येत नाहीत. अक्का आंबट बोरं मीठ न लावता खायची. अक्काला अंधाराची भीती नव्हती, कोंबड्याची होती. अक्का मला पाठीवर घेऊन वस्तीभर हिंडायची आणि विचारलं की सांगायची, ही माझी गोणी हाय. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मला अक्का म्हणजे एक बाज आणि एक सुतळी, एवढीच माहीत होती.

पाचव्या रविवारी मॅडम कान करत होत्या. कानाला त्या फार वेळ घेतात. माय म्हणाली, “तिला सांग, माझी पोरगी शेवटच्या दिवशीबी शहानी होती.”

मी उठले. पाणी प्यायच्या निमित्तानं रांजणापाशी गेले. मायनं आवाज चढवला, म्हणजे तिथंही ऐकू येईल इतका.

“मी औषध घेऊन आले तर ही भवानी जाग्यावर न्हाई, आन् सुतळी बाजेखाली पडलेली. मी म्हनलं, आज हिचं तंगडं मोडते. तर पडल्या पडल्या ती म्हनली, माय, मीच सोडली. दातानं सोडली. तिच्यानं बसवत न्हाई गं, सारखी दाराकडं बघायली होती. तिला रागवू नको.”

मी तांब्या हातात धरून उभी.

“सहा वर्षाच्या लेकराला माझी गाठ सुटली असती व्हय?” माय म्हणाली. “कडब्याची गाठ ती. बैलानं हिसकली तरी सुटत न्हाई. तापात फणफणलेली पोर, किती वेळ चावली असंल ती सुतळी. मग दिवस मावळस्तोवर होती माझ्या मांडीवर. औषध घेतलं, पानी पेली. एकटी न्हाई गेली.”

चाळीस वर्षं मी समजत होते की गाठ माझ्याच हिसक्यांनी सुटली. ती एकटी, तहानेली, माझी वाट बघत गेली. मी एका घरात टिकले नाही, एका माणसाजवळ टिकले नाही, कारण कुठं बसले की वाटायचं, आपल्याला इथं बसायचा अधिकार नाही, आपण बसायला सांगितलेल्या जागेवरून उठून गेलेलो आहोत. हे मी तेव्हा इतकं नीट म्हणू शकले नसते. तेव्हा फक्त तांब्यातलं पाणी माझ्या पायावर सांडलं.

मॅडमनी विचारलं, “काय म्हणाल्या?”

खाकरून म्हणाले, “कडब्याची पेंढी कशी बांधतात ते सांगतायत.”

मॅडमचे डोळे चमकले. त्यांना काम करणाऱ्या हातांचं वेड. म्हणाल्या, दाखवायला सांग ना. मी मायला म्हणाले, गाठ दाखव. मायनं दोरी मागितली, स्टुलाच्या पायाला आवळून गाठ मारली, एकदा, दोनदा, परत एकदा. मॅडमनी वहीत तिचे हात भराभर उतरवले. मी खाली बसून ती गाठ सोडवायचा प्रयत्न केला. सेहेचाळीस वर्षांची बाई मी, नखं तुटायची वेळ आली. ती सुटली नाही, शेवटी दोरी कापावी लागली.

त्या दिवशी परतताना मॅडम काहीतरी बोलत होत्या आणि मी हं हं करत होते.

सहाव्या रविवारी डोकं पुरं झालं. माती वाळू नये म्हणून आठवडाभर गुंडाळून ठेवलेलं ओलं फडकं मॅडमनी काढलं आणि पाट फिरवून मायकडं केला. मायच होती ती. खालचा ओठ दाबून धरलेली, डाव्या डोळ्याची पापणी जरा उतरलेली, मानेच्या शिरा ताठ. माय उठून जवळ गेली. हात लावावा की नको असं करत कानाला बोट लावलं.

“कान बरोबर हायेत,” म्हणाली.

आता माझी पाळी. मी पाठ केलेलं वाक्य काढलं. “माय, त्या म्हणतात, अक्काचं तोंड करायला लय बघितलं, पण...”

“गप,” माय म्हणाली. रागानं नाही, वर्गातल्या पोराला म्हणावं तसं. “पुरं झालं आता.”

ती परत स्टुलावर बसली.

“ती न्हाई म्हनली होती. पह्यल्याच दिवशी. मान हलवली, छातीवर हात ठिवला. मान हलवायला विंग्रजी लागतंय व्हय? आन् हप्ताभर त्या फडक्यावर पानी कोन शिंपत होतं? मीच की. रोज फडकं उचलून बघत होते, हाय त्या माझ्याच सुरकुत्या.”

मला वाटलं, जमीन दुभंगावी. इतकी वर्षं वर्गात मुलांची लबाडी पकडणारी मी, एवढी साधी गोष्ट डोक्यात आली नव्हती.

“मग बसलीस कशाला?” मी विचारलं. “तिला सांग, तिला सांग म्हणत रोज...”

“तिला काय कळतंय?” माय म्हणाली. “मी तुला सांगायले होते. पह्यल्या दिवशी राग आला. म्हनलं, लेक तोंडावर खोटं बोलायली. मग बघितलं तर तू बसलीस. चार वाजेपर्यंत बसलीस. कधी बसली होतीस का? तिचं नाव काढलं की पळायलीस. म्हनलं, बोलू दे खोटं. बसली तर हाय.”

मॅडम आमच्याकडं पाळीपाळीनं बघत होत्या. त्यांना कळलं की हे लसणाचं प्रकरण नाही. म्हणाल्या, काय झालं ते मला सगळं सांग. मी सांगितलं. पहिल्या ‘हो’पासून अंबाडीच्या भाजीपर्यंत, अक्कापासून सुतळीपर्यंत, काही लपवलं नाही. त्यांचा चेहरा कडक होत गेला. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, “त्या ‘नाही’साठी मी काय मोजलंय ते तुला एस.टी.त सांगितलं होतं. ते ऐकूनही तू माझ्या तोंडात ‘हो’ ठेवलंस.” आणि प्लॅस्टरची गोणी उचलून अंगणात निघून गेल्या.

“रागावली?” मायनं विचारलं.

“हो.”

“रागवू दे. तिचं खरं हाय.”

पुढचं आधी सांगून टाकते, मला थांबवत नाही. मॅडमनी त्या दुपारी डोक्यावर प्लॅस्टर चढवलं. साचा निघाला की आतली माती खरवडून टाकावी लागते, म्हणजे मूळ डोकं राहत नाही. मॅडमना वाटलं, म्हातारीला वाईट वाटेल. मायनं सगळी माती घमेल्यात गोळा केली, पाणी मारलं आणि दोन दिवसांनी मागच्या अंगणात तिची चूल घातली. वाया कशाला घालायची म्हणाली, चाळलेली माती. साच्यातून ओतलेलं प्लॅस्टरचं डोकं अमेरिकेला गेलं. जाताना मॅडम माझ्याशी बोलल्या, पण मोजकं. परवा मोबाइलवर फोटो आला, त्यांच्या शेडमध्ये धोबीण आणि नर्स यांच्या मधे माय. खाली दोन ओळी मायसाठी आणि शेवटी माझ्यासाठी एक: हे जसंच्या तसं सांगावं. सांगितलं.

पण मला त्या दुपारबद्दल लिहायचं आहे. प्लॅस्टर वाळायला वेळ लागत होता. मॅडम अंगणात बाजेवर पाठ करून बसलेल्या, त्यांच्याजवळ जायची माझी हिंमत नव्हती. आम्ही मायलेकी ओसरीत. रिकामं स्टूल मधे. साडेचारची एस.टी. गेली. मी पर्स जवळ ओढली आणि परत ठेवली.

माय म्हणाली, “सहा आठवडे मीच बोलायले. तू सांग की आता. तुला काय याद हाय तिची?”

काही नाही म्हणणार होते. पण त्या पाचव्या रविवारपासून एक गोष्ट माझ्या कानात येत होती. एक आवाज. तो मला आधीपासून ठाऊक होता, अनवाणी कुठं निघाले की आठवायचा, पण तो कुणाचा आणि कधीचा हे मी कधी विचारलंच नव्हतं.

“मी दारापाशी पोचले होते,” मी म्हणाले. “सुतळी सुटल्यावर. मागं वळून बघितलं नाही. तर मागून ती म्हणाली, ‘चप्पल घाल गं, सराटे हायेत.’”

चाळीस वर्षांत अक्काचा एकही नवा शब्द मायपर्यंत आला नव्हता. होते ते तिनं हजार वेळा उजळून ठेवलेले. तिनं पदर तोंडाशी नेला, मग खाली घेतला.

“घातलीस का?”

“न्हाई.”

ती हसली, आणि हसता हसताच रडायला लागली. मी तिच्या शेजारी सरकले. अंगणातून मॅडमनी एकदा वळून पाहिलं.

“परत सांग,” माय म्हणाली. “कसं म्हनली?”

मी परत सांगितलं.